बॉक्सरवालीचा शेवट

मानोऱ्यात आणि आजूबाजूच्या तांड्यांवर जी फिल्म ‘बॉक्सरवाली’ म्हणून ओळखली जाते, तिचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. ती मुळात कुठल्या भाषेतली, तेही नाही. हिंदीत डब केलेली आहे. ओठ एक बोलतात, आवाज दुसरंच बोलतो, आणि बॉक्सरची माय रडून डोळे पुसते तेव्हा कुठं तिचं रडणं ऐकू यायला लागतं. पण गोष्ट कळायला भाषा लागत नाही. गरीब पोरगा. बाप नाही. माय लोकांचे कपडे शिवते. पोराच्या हातात जोर आणि डोक्यात राग. एक दारुडा म्हातारा त्याला गल्लीत मारामारी करताना पाहतो आणि त्या दिवसापासून दारू सोडतो. आमच्या गावातल्या पिणाऱ्यांनी ही फिल्म कितीदा पाहिली असेल, एकानंही सोडली नाही. तर तो म्हातारा पोराला पहाटे पळवतो, नदीत उभा करतो, पोत्यावर ठोसे मारायला लावतो, आणि एवढं सगळं एका गाण्यात आटोपतं. गाणं सुरू होताना पोरगा काडी असतो, संपताना खांब. म्हातारा फायनलच्या आधी मरतो. तो मरणार हे त्यानं पहिल्यांदा खोकलून दाखवलं तेव्हाच कळतं.

फायनलला समोर टकल्या. हा दोन माणसांएवढा, हसतो तेव्हा सोन्याचा दात. तो आपल्या पोराला मार मार मारतो. शेवटच्या राउंडला पोरगा पडतो. पंच मोजायला लागतो. सहा म्हणतो, सात म्हणतो, आणि पडदा काळा.

तिथं फिल्म संपते. म्हणजे आमच्याकडची फाइल संपते.

बस स्टँडजवळ परवेजचं मोबाइलचं दुकान आहे. काचा बदलणं, रिचार्ज, आणि मेमरी कार्डात गाणी-फिल्मा भरून देणं. नवीन नवीन दुकान टाकलं तेव्हा त्यानं कोणाकडून तरी ही फिल्म आणली आणि आपल्या कॉम्प्युटरात उतरवायला लावली. तेवढ्यात लाइट गेली. आली तेव्हा परवेजला वाटलं, उतरली पूर्ण. मग त्याच कॉम्प्युटरातून जो येईल त्याच्या कार्डात ती गेली. लोकांची ओरड सुरू झाली तोपर्यंत अर्ध्या तालुक्याच्या खिशात सातपर्यंतचा बॉक्सर जाऊन बसला होता.

“काकू, सातपर्यंत तर आली ना,” परवेज मला म्हणाला होता. “पुढे काय होते, सगळ्यायले मालूम आहे. उठते तो.”

त्यात काही खोटं नव्हतं. तो उठत नसेल असं मानोऱ्यात एकाही माणसाच्या मनात आलं नाही. प्रश्न फक्त एवढा होता की कसा उठतो. आणि तिथं आमचे हे आले.

आमचे हे म्हणजे उकंडराव. मंडप-साउंडचा धंदा. भोंगे, मशीन, वायरी, माइक. पण लोक बोलवायचे ते मशीनसाठी नाही, ह्यांच्या आवाजासाठी. लग्नात पाहुण्यांची नावं घ्यायची, शंकरपटात बैलजोड्या सुटल्या की ओरडायचं, कबड्डीत चढाई करणाऱ्याला टोमणे मारायचे. माझं माहेरचं नाव नुसतं वर्षा. आमच्याच लग्नात नवरदेवानं बोहल्यावरून माइक ओढून घेतला आणि “नवरी वर्षाराणी” असं सांगितलं, तेव्हापासून मी राणी. राज्य म्हणाल तर चार भोंगे आणि एक हातगाडी.

फिल्मचा शेवट ह्यांनी पहिल्यांदा सांगितला तो परवेजच्या दुकानासमोर, सेवालालला. सेवालाल तांड्यावरचा, त्यानं पहिल्यांदाच पाहिली होती आणि पंगतीतून अर्ध्यावर उठवल्यासारखा चिडला होता. हे म्हणाले, “बस इथं,” आणि सुरू झाले. पंच सात म्हणते. लोक ओरडून राह्यले. तेवढ्यात हॉलचा दरवाजा उघडते. आत कोन येते? माय. कोनाच्या तरी झंपरात सुई तशीच टोचून, मशीन तशीच सोडून, एसटीनं आली. ड्रायव्हरनं मधे कुठंच गाडी थांबवली नाही. फिल्ममधलं शहर कुठल्या देशातलं ते देवाला माहीत, पण माय एसटीनं यायची आणि मंगरूळपीरच्या नाक्यावर उतरायची, आणि आजपर्यंत कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही.

शेवट दर वेळी थोडा बदलायचा. समोर पोट्टे असले तर हॉलमध्ये कुत्रंही शिरायचं. नवीन लग्न झालेलं जोडपं असलं तर बॉक्सरचा जिच्यावर जीव असतो त्या पोरीला जास्त काम मिळायचं. पण आठ आणि नऊच्या मधे हे जेवढं लांबवायचे तेवढं कोणी लांबवू शकत नव्हतं. आणि नऊला तो उठायचा.

मी सुरुवातीला हसायची. म्हटलं, जे होणार ते मालूम आहे, मग कायले ऐकतात लोक? हे म्हणाले, “तू रोज भाकर करतं. गोलच होईल हे मालूम असते ना तुले? तरी पाहूनच राह्यतं तव्याकडे.”

दसरा झाला की तांड्यावरची माणसं ऊस तोडायला निघतात, पार तिकडं कोल्हापूर-सांगलीकडं. निघायच्या आधी परवेजकडं कार्ड भरतात, आणि मग ट्रक नाक्यावर थांबतो. हे जाऊन, बिनमाइकचे, रस्त्याच्या कडेला उभे राहून शेवट सांगतात. त्याशिवाय गाडी हलत नाही. कधीपासून असं ठरलं, कोणी ठरवलं, मला सांगता येणार नाही. नानीबाईला मी एकदा विचारलं होतं. ती तांड्यावरची जुनी तोडकरीण. ती म्हणाली, “तिकडे दिवसभर कोयता मारून पाचटाच्या कोपीत येतो, फिल्म लावतो. सातवर बंद पडते. मंग जो तो भाऊचा शेवट आठवते, एकमेकाले सांगते. कोनी म्हन्ते कुत्रं होतं, कोनी म्हन्ते नव्हतं. भांडता भांडता झोप लागते.”

*

ह्या उन्हाळ्यात, एका लग्नात, ह्यांना लकव्याचा झटका आला. माइक हातात होता. “मानाचे पाहुणे” म्हणायचं होतं, ते भलतंच काहीतरी निघालं. लोक हसले. हे नेहमी काहीतरी गंमत करतात, तशीच ही वाटली. ह्यांनी पुन्हा म्हणून पाहिलं, लोक पुन्हा हसले. मग हे खुर्चीवर बसले आणि माइक मांडीवरून खाली घरंगळला, त्याचा आवाज सगळ्या भोंग्यांतून आला.

वाशिमला नेलं. पाय परत आला. उजवा हात बराचसा आला. जीभ जड राहिली. डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलं, “बोलत राहा. चुकीचं बोला, तोतरं बोला, पण बोला. बोलाल तेवढी जीभ सुटेल. गप्प बसाल तर ती अशीच बसेल, मग माझ्याकडं येऊ नका.”

घरी आल्यावर चार दिवसांनी मी न्हाणीच्या दाराशी टॉवेल द्यायला गेली. आत नळ सुरू होता, आणि नळाच्या आवाजाआड हे म्हणत होते, “हॅलो. हॅलो. चेक.” माइकवर आयुष्यभर सगळ्यात आधी म्हणायचे ते शब्द. त्याहून सोपे शब्द नसतील. ते सुद्धा तोंडात कापूस कोंबल्यासारखे निघत होते. तीनदा म्हटलं, मग नळ बंद झाला. त्या दिवसापासून ह्यांनी बोलणं सोडलं.

लग्न झालं तेव्हापासून मी देवाकडं एकच मागायची, ह्या माणसाला अर्धा घंटा गप्प कर. देवाकडं अर्ध्या घंट्याचं माप नसावं.

पाहिजे असेल ते बोटानं दाखवायचे. चहा हवा तर कपाकडं, जायचं असेल तर चपलेकडं. मी काय नाही केलं? वरणात मीठ टाकलं नाही. वाटलं, कुरकुर तरी करतील. उठले, डब्यातून मीठ घेतलं, माझ्याही ताटात टाकलं, बसले. शेजारणीसमोर मुद्दाम सांगितलं की ह्यांच्या पटात अमक्याची जोडी पहिली आली होती. ती जोडी तिसरी होती हे मला चांगलं माहीत होतं, आणि असली चूक हे पूर्वी झोपेतही सहन करायचे नाहीत. नुसतं माझ्याकडं पाहिलं. ते पाहणं मला सोसलं नाही, मी स्वतःच दुरुस्त केलं.

धंदा मी चालवत होती. वायरी जोडणं काही अवघड नसतं, त्या बोलत नाहीत. पण रोज रात्र झाली की डॉक्टरांचं वाक्य आठवायचं. जीभ बसत चालली होती आणि मी भाकरी करत होती.

*

दसरा गेला. ट्रक निघायच्या आदल्या दिवशी रामसिंग आणि नानीबाई घरी आले. रामसिंग ह्यांचा पटातला दोस्त, त्याची बैलजोडी ह्यांच्याच आवाजात पळालेली. हे ओसरीवर वायरीचं भेंडोळं सोडवत बसले होते.

“भाऊ, उद्या सकाळी निघून राह्यलो,” रामसिंग म्हणाला. “नाक्यावर येजा.”

ह्यांनी मान वर केली नाही.

“यंदा नाई जमत त्यायले, रामसिंगभाऊ,” मी म्हटलं.

“काय नाई जमत?” नानीबाई म्हणाली. “जीभ जड झाली म्हन्ते, गेली तर नाई ना? माहे दात गेले. म्या जेवन सोडलं का?”

हे उठले, भेंडोळं तसंच टाकून आत गेले आणि परदा ओढून घेतला. नानीबाई परद्याकडं पाहत राहिली. मग जरा हळू आवाजात, पण आत ऐकू जाईल एवढ्या हळू, मला म्हणाली, “माही सून यंदा पयल्यांदाच येऊन राह्यली तोडीले. रडून राह्यली दोन दिवसापासून. काल तिले फिल्म दाखवली, सातपर्यंत. मंग रडनं थांबलं अन मले इचारते, उठला का तो? म्या म्हनलं, उठन तर. पन कसा, थे उद्या भाऊच्या तोंडून आयक.”

“तुमीच सांगा ना, मामी. तुमाले पाठ असन.”

“माह्या तोंडून?” नानीबाई हसली, दात नसलेलं. “म्या सांगतलं तर थो बॉक्सर बसलेलाच राहीन.”

ते गेले. मी परद्याच्या बाहेर उभी राहिली, आतून काही आवाज नाही. मग पायात चपला घातल्या आणि परवेजकडं गेली.

परवेज कोणाच्या तरी फोनचं पाठ उघडून बसला होता.

“परवेज, बॉक्सरवालीचा खरा शेवट शोधून दे.”

“कायले काकू?”

“शोध तर.”

“एवढे साल कोनी मागितलाच नाई,” तो म्हणाला. “गिऱ्हाइक सोता म्हन्ते, सातपर्यंत टाक, पुढचं भाऊकडे आहे.” पण त्यानं कॉम्प्युटरवर हिरोच्या तोंडाचा फोटो काढला, तो इंटरनेटवर टाकला, आणि थोड्या वेळात म्हणाला, “पाहा. तीन नावं आहेत हिले. एकाचाही बॉक्सिंगशी काही मेळ नाई.”

आम्ही दोघांनी शेवट पाहिला. मला सगळं माहीत होतं, तरी पदराची गाठ हातात धरून उभी होती. पंच सात म्हणतो, आठ म्हणतो, नऊ म्हणतो, बस पकडायची असल्यासारखा. पोरगा उठतो. कोणी आलं नाही, कोणी हाक मारली नाही, आपलं आपणच उठतो. एक ठोसा. टकल्या कपाटासारखा पडतो. आभाळात मेलेल्या म्हाताऱ्याचा चेहरा दिसतो. पोरगी गळ्यात पडते. माय तिकडं घरीच असते. ती टीव्ही पाहते, डोळे पुसते आणि लाइट बंद करते. मग नावं.

“एवढंच?” परवेज म्हणाला. कोणाच्या घरी जेवायला जावं आणि त्यांनी बिस्किटं पुढं करावी, तसं झालं.

“भरून देऊ का काकू सगळ्यायच्या कार्डात? तांड्यावाले आज संध्याकाळी येऊनच राह्यले.”

तिथं मी अडकली. कार्डात शेवट गेला की नाक्यावर ट्रक थांबायचं कारण उरत नाही. ह्या वर्षी नाही आणि पुढंही नाही. ह्यांच्यावरचं ओझं जाईल, हे खरं. पण ते ओझं गेलं तर ह्या माणसाला तोंड उघडायला काय उरलं? आणि नाही भरला तर ती नवी सून सातवरच कोल्हापूरला जाईल, आणि हे परद्याआड बसून ट्रकचा आवाज ऐकतील.

“थांब,” मी म्हटलं. “माह्या फोनात टाक अगोदर. त्यायले दाखवते.”

*

दिवे लागायच्या वेळी हे बाजेवर बसले होते. मी फोन हातात दिला, सुरू करून दिला, आणि समोर मेथी निवडत बसली. पहायचं नाही असं ठरवलं होतं, पण कान तिकडेच. आठ, नऊ, ठोसा, गाणं. ह्यांनी बोटानं मागं नेलं. पुन्हा आठ, नऊ, ठोसा. तिसऱ्यांदा फोन बंद केला.

“हे काय आहे?”

शब्द जाड होते, कडा झिजलेल्या. पण शब्द होते. मी मेथीची काडी मोडत होती ती मोडतच राहिली. अंगणात एखादं पाखरू जवळ येऊन बसलं की आपण हलत नाही, तशी.

“शेवट आहे. खरावाला.”

“माय कुठं आहे?”

“घरी आहे. दाखवली की, लाइट बंद करताना.”

“घरी?”

“मंग? म्हातारी बाई, कायले जाईल मारामारी पाहाले.”

“पोरगा...” ह्यांना पुढचा शब्द सापडेना. मान हलली, ओठ वाकडे झाले, मी खाली पाहत राहिली. “पोरगा म... मरून राह्यला. अन माय लाइट बंद करते?”

“बिल येत असन.”

ह्यांनी बाजेवर हात आपटला. तो उजवा हात होता, तोही आपटला गेला.

“मले तर बरा वाटला शेवट,” मी म्हटलं. आवाजात काही येऊ दिलं नाही. “आटोपशीर आहे. तुमच्या आठ अन नऊच्या मधे माणसाचे दोन चहा होतात.”

मग हे बोलायला लागले. काय काय बोलले ते मला अर्धंही कळलं नाही. पंचाला शिव्या होत्या हे कळलं. असं कोणी मोजते का, असं काहीतरी होतं. उठणाऱ्याला उठायला कारण लागते, हे दोनदा म्हणाले. लाळ गळाली ती बाहीनं पुसली आणि पुन्हा बोलले. डॉक्टर समोर असते तर त्यांच्या पाया पडली असती, पण समोर मेथी होती.

“परवेज सगळ्यायच्या कार्डात भरून देऊन राह्यला हाच,” मी सांगितलं. परवेजला मी थांबवलं होतं, ते सांगितलं नाही.

हे थांबले.

“नानीबाईच्या सुनेले... हे दाखवतं तू?”

“मंग काय करू? तुमी तर बोलून नाई राह्यले.”

मी निवडलेली मेथी पुन्हा निवडली. मग ह्यांनी एकच शब्द म्हटला, आणि इतक्या महिन्यांत तेवढा एकच शब्द स्वच्छ आला.

“हसतीन.”

नाही हसणार, असं मला म्हणता आलं नाही. लोक हसतात. त्या लग्नात मी होती, मी ऐकलं होतं.

“हसले तर हसले,” मी म्हटलं. “आजवर सुपारी घेऊन हसवलं त्यायले. एक दिवस फुकट हसतीन.”

ह्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की आता फोन फेकतात की काय. फेकला नाही. बाजूला ठेवला, उलटा.

*

सकाळी मी काही विचारलं नाही. हे उठले, आंघोळ केली, खुंटीवरचा पांढरा सदरा काढला. गुंड्या लावायला वेळ लागला. मी चुलीपाशी बसून राहिली, मदत केली नाही. केली असती तर सदरा परत खुंटीवर गेला असता.

नाक्यावर ट्रक उभा होता. ताडपत्री, बाजा, भांड्यांची पोती, टोपल्याखाली कोंबड्या, आणि त्या सगळ्यावर माणसं. ड्रायव्हर कोल्हापूरकडचा, नवा होता. त्याला इथली रीत माहीत नव्हती, तो इंजिन सुरू ठेवून हॉर्न वाजवत होता. परवेज दुकानाचं शटर अर्धं टाकून आला होता. ह्यांना येताना पाहून रामसिंग ट्रकवरून उतरला, बाकीचेही उतरले. नानीबाईनं सुनेला हाताला धरून पुढं बसवलं. अगदीच लहान पोरगी होती, नाकात नवी नथनी, डोळे सुजलेले.

हे उभे राहिले. घसा साफ केला, पूर्वीसारखा.

“सात,” हे म्हणाले.

कसा आवाज होता आणि काय झाला, ते सगळ्यांना एकदमच कळलं. मागं कोणीतरी हसलं. हसलंच. ह्यांनी ते ऐकलं, मी ह्यांच्या कानाची पाळी लाल झालेली पाहिली.

“लोक ओरडून राह्यले. तेवढ्यात हॉलचा... हॉलचा द...”

अडकलं. दरवाजा हा शब्द काही येईना. जबडा हलत होता, मानेची शीर फुगली होती, हाताची मूठ वळली होती. मी तोंड उघडलं. मला अख्खा शेवट पाठ होता, मीच सांगून टाकणार होती.

“दरवाजा,” सेवालाल म्हणाला.

टोमणा नव्हता. ओझं उचलताना दुसरी बाजू कोणी सहज धरावी, तसं म्हणाला.

“हौ,” हे म्हणाले. “दरवाजा. उघडते. अन आत...”

“माय येते,” दहाजण म्हणाले.

“झंपर?”

“सुई तशीच,” बाया म्हणाल्या. “मशीन तशीच.”

मी तिथं उभी होती आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. ही गोष्ट कोणाला माहीत नाही म्हणून लोक ऐकत नव्हतेच कधी. सगळ्यांना माहीत होती म्हणूनच ती टिकली. नवी, कधी न ऐकलेली गोष्ट असती, तर सांगणारा जिथं अडकला तिथं एकटाच अडकून राहिला असता. ह्या गोष्टीत एकटं पडायला जागाच नव्हती. ह्यांचा शब्द निसटला की कोणीतरी तो खाली पडायच्या आत झेलत होतं आणि परत हातात देत होतं.

“कायनं येते?” सून म्हणाली. एकटी तीच नवी होती.

“एसटीनं,” सगळे म्हणाले.

“नाई,” हे म्हणाले. सगळे ह्यांच्याकडं पाहायला लागले. “यंदा... ट...”

“टमटमनं?”

ह्यांनी मान हलवली, नाही.

“टेम्पोनं? ट्रॅक्टरनं?”

ह्यांच्या डोळ्यांत मला ते जुनं काहीतरी दिसलं. पटात दोन जोड्या बरोबरीत आल्या की दिसायचं, ते. शब्द जवळ आलेला होता, पण आता हे तो मुद्दाम दाबून धरत होते. मग बोट उचललं आणि समोर दाखवलं.

“ट्रकनं. ह्या.”

हशा झाला. ह्या वेळी सगळे हसले, नानीबाई तर तोंडावर पदर धरून. ड्रायव्हरनं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. “माझ्या ट्रकनं? कोण आली माझ्या ट्रकनं?”

“बॉक्सरची माय,” रामसिंग म्हणाला. “गप आयक.”

माय ट्रकमधून उतरली. तिच्या केसात उसाचं पाचट होतं, हेही नवीन. तिनं गर्दी सारली. लोक म्हणाले, बाई, कुठं जातं? ती म्हणाली, माहा पोरगा आहे थो. हे सगळं यायला वेळ लागत होता. एक एक शब्द बैल चिखलातून काढावा तसा येत होता, कधी सेवालाल हात लावायचा, कधी रामसिंग, कधी परवेज. सूनही आता शब्द देऊ लागली होती, चुकीचे, आणि बाया तिला दुरुस्त करत होत्या.

“आठ,” हे म्हणाले.

आणि थांबले.

पूर्वी आठ आणि नऊच्या मधे हे आवाजानं सगळं भरून टाकायचे, भोंगे, टाळ्या, मायची हाक. आता मधे काही नव्हतं. नुसता ह्यांचा श्वास. जीभ ‘न’साठी दातांना लागत होती आणि सुटत होती. कपाळावर घाम आला. हे मुद्दाम थांबले की अडकले, मला कळेना. एवढा संसार केला ह्या माणसाबरोबर, आणि मला सांगता येत नव्हतं. कितीदा ऐकलेली ही गोष्ट, पहिल्यांदाच तिच्यात पुढं काय होईल ते मला माहीत नव्हतं.

नऊ हा शब्द तिथं सगळ्यांना येत होता. सेवालालच्या जिभेवर होता, मला दिसत होता. पण तो कोणी दिला नाही. एवढा एक ज्याचा त्यानंच आणायचा, असं कोणी न सांगता सगळ्यांनी ठरवलं. सूनबाई दोन्ही मुठी हनुवटीखाली धरून ह्यांच्या ओठांकडं पाहत होती.

मागं दुसरी गाडी येऊन उभी राहिली, तिनं हॉर्न दिला. नानीबाईनंच शेवटी धीर सोडला. ती हळूच म्हणाली, “भाऊ, राहू द्या. टाइम झाला गाडीचा.”

ह्यांनी तिच्याकडं न पाहता हात वर केला.

“थांब व बाई,” हे म्हणाले. “उठून राह्यला थो.”

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं.